हूणांनी साम्राज्ये बुडवली, हे कितपत खरे?

दप्तरदार (धागाकर्ता)

शाळेपासून आपण एकच गोष्ट ऐकत आलो आहोत. मध्य आशियातून घोडेस्वार आले आणि रोम पडले, गुप्त पडले, उत्तर चीन पडला. मला हे उत्तर फार सोपे वाटते. साम्राज्य चालते ते सारा गोळा करून आणि त्यावर फौज पोसून. हा सारा वाटेतच मुरायला लागला की साम्राज्याचे दिवस भरत येतात. घोडेस्वार त्यानंतर येतात.

चीनकडे बघा. हान राजवटीच्या इ.स. २ च्या गणतीत सुमारे ५ कोटी ९० लाख माणसे नोंदलेली आहेत. इ.स. २८० मध्ये पश्चिम जिन राजवटीने देश पुन्हा एकछत्री केला, तेव्हा नोंद भरली जेमतेम १ कोटी ६० लाखांची. मधल्या काळात बंडे झाली, साथी आल्या, दुष्काळ पडले आणि माणसे मेली, हे खरेच. पण एवढी सगळी मेली नाहीत. असंख्य कुटुंबे बड्या जमीनदारांच्या आश्रयाला गेली आणि सरकारी वहीतून गायब झाली. त्यांची मेहनत जमीनदाराच्या कोठारात जाऊ लागली. त्यातच २९१ ते ३०६ या काळात राजघराण्यातले आठ राजपुत्र आपसात लढत राहिले. शिओंग्नू या उत्तरेकडच्या भटक्या घोडेस्वार टोळ्यांनी राजधानी लुओयांग लुटली ती त्यानंतर, ३११ मध्ये. आणि हे शिओंग्नू काही नव्याने चाल करून आलेले नव्हते, पिढ्यान्‌पिढ्या सरहद्दीच्या आत राहत होते.

रोमचेही तेच. हूणांचे नाव युरोपात कुणाला ठाऊक नव्हते त्या २३५ ते २८४ या काळात तिथे वीसहून अधिक सम्राट झाले, आणि चांदीच्या नाण्यात शेकडा पाच भागही चांदी उरली नाही.

रानवारा

पूर्ण असहमत. तुमचे रोमचे उदाहरण तुमच्याच विरोधात जाते. तिसऱ्या शतकात नाणे बुडाले, सम्राट एकामागून एक मारले गेले, तरीही रोम वाचले! सम्राट डायोक्लेशनने २८४ नंतर घडी पुन्हा बसवली आणि पश्चिमेकडचे राज्य पुढे जवळपास दोनशे वर्षे चालले. आतल्या रोगाने माणूस मरणारच असता तर तेव्हाच मेला असता.

मग पाचव्या शतकात वेगळे काय घडले? हूणांच्या रेट्यामुळे ३७६ मध्ये गॉथ टोळ्या डॅन्यूब नदी ओलांडून आत आल्या. दोनच वर्षांत एड्रियानोपलला त्यांनी सम्राट व्हॅलेन्सला फौजेसकट कापले. ४०६ च्या अखेरीस व्हँडाल, अलान, सुएवी या टोळ्या ऱ्हाईन नदी ओलांडून आल्या. आणि ४३९ मध्ये व्हँडालांनी कार्थेज घेतले. खरा घाव तो. उत्तर आफ्रिकेचे धान्य आणि कर यांवर पश्चिमेची तिजोरी उभी होती. सारा मुरला वगैरे काही नाही, सारा देणारा प्रांतच हातचा गेला. तो परत घ्यायला ४६८ मध्ये पूर्व आणि पश्चिम रोमने मिळून प्रचंड आरमार पाठवले, व्हँडालांनी जळती जहाजे सोडून ते पेटवले. त्यानंतर आठ वर्षांत शेवटचा सम्राट पदच्युत झाला.

वऱ्हाडी वाचक

दप्तरदारांना आमच्या भागातून दुजोरा देतो. वाकाटकांचे काय? हूण विदर्भात पोचल्याचा पुरावा नाही, तरी पाचव्या शतकाच्या अखेरीस हरिषेणानंतर हे घराणे दिसेनासे होते आणि अजिंठ्याची कित्येक लेणी अर्धवट राहतात.

अमरावती जिल्ह्यातल्या चम्मकचा ताम्रपट वाचावा. दुसऱ्या प्रवरसेनाने, म्हणजे वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताच्या मुलाने, १,००० ब्राह्मणांना राजमापाने ८,००० भूमी (भूमी हे जमिनीचे माप) दिली. त्यावर कर नाही, राजाच्या शिपायांना आत पाऊल टाकायची मुभा नाही. आणि पुढची अट फार बोलकी आहे: हे दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, दुसऱ्या गावांशी लढू नये, केल्यास जमीन काढून घेतली तरी राजाला चोरीचा दोष नाही. जमीन देतानाच राजाला ही धास्ती वाटत होती. अशी दाने पिढीमागून पिढी दिली तर मध्यवर्ती सत्तेकडे उरणार काय?

नाणेवेडा

वाकाटकांचे मान्य, पण गुप्तांचे तसे नाही. भितरीच्या स्तंभलेखात स्कंदगुप्ताने हूणांशी दिलेल्या झुंजीचा उल्लेख आहे. तो ती झुंज जिंकला. पण त्याची सुवर्णमुद्रा हातात घेतली तर वजन वाढलेले आणि सोन्याचा कस उतरलेला. पुढच्या राजांच्या नाण्यांत कस आणखी घसरतो. लढाई जिंकूनही तिजोरी रिकामी होते, ती अशी. पुढे हूण राजा तोरमाणाचे नाव थेट मध्य प्रदेशातल्या एरणच्या वराहमूर्तीवर कोरलेले सापडते. युद्धखर्चाने खजिना खचला, तर कारण युद्धच धरायला हवे.

तेरणाकाठ

सगळे दरबारातूनच बघता आहात. चम्मकच्या शेतकऱ्याला कर माफ झाला नव्हता, घेणारा हात बदलला. चीनमधला कुळवाडी सरकारी वेठीतून सुटायलाच जमीनदाराकडे गेला. त्याच्या दृष्टीने कोण बुडाले?

दप्तरदार

तेरणाकाठ, प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो बळच देतो. कुळाला राज्यापेक्षा जमीनदार परवडू लागला तेव्हाच राज्य हरले.

रानवारा, आता चीनमधल्या उत्तर वेई घराण्याचे बोला. ते उभे करणारे तोबा हे शिआनबेई या भटक्या टोळीचे लोक, म्हणजे तुमच्या हिशेबात साम्राज्ये मोडणारेच. त्यांनी उत्तर चीन जिंकला आणि काय केले? ४८५ मध्ये समान जमीनवाटपाचा कायदा आणला, लपलेली कुटुंबे पुन्हा वहीवर घेतली, पुढच्या दशकात राजधानी लुओयांगला हलवली. त्याच पायावर सुई घराण्याने ५८९ मध्ये सगळा चीन पुन्हा एक केला. घोडेस्वार साम्राज्य मोडतात तसे बांधतातही. दप्तर सांभाळले तर राज्य उभे राहते.

रानवारा

उत्तर वेईने दप्तर सांभाळले हे खरे, म्हणून ते उभे राहिले हेही खरे. पण दप्तर सांभाळलेले राज्य पडत नाही, हे कुठे सिद्ध झाले? सासानी इराण घ्या. पहिल्या खुस्रोने सहाव्या शतकात जमिनीची मोजणी केली, साऱ्याचे दर ठरवले, पगारी फौज उभी केली. तुम्हाला हवे ते सगळे. आणि ६५१ मध्ये शेवटचा शहा मर्वजवळ मारला गेला.

दप्तरदार

कारण त्याआधी ६०२ ते ६२८ अशी सव्वीस वर्षे त्यांनी पूर्व रोमशी लढण्यात घालवली, आणि नंतरच्या चार वर्षांत गादीवर एकामागून एक राजे-राण्या बसवल्या. बडी सरदार घराणी आपापला उमेदवार पुढे करत होती. अरब आले ते या गोंधळात.

रानवारा

तेच युद्ध पूर्व रोमनेही लढले. तेही तितकेच थकले होते. त्याच अरबांनी त्यांच्याकडून सीरिया आणि इजिप्त घेतले, म्हणजे सर्वात श्रीमंत प्रांत गेले. तरी ते आणखी आठशे वर्षे टिकले. सासान्यांची राजधानी टेसिफॉन टायग्रिसकाठी उघड्या मैदानात होती, ६३७ मध्ये पडली आणि खजिना गेला. कॉन्स्टँटिनोपलला तीन बाजूंनी पाणी आणि चौथीकडे थिओडोसियसची तिहेरी तटबंदी होती. दोन्हीकडची दप्तरे शेजारी ठेवून मला दाखवा, की कोणत्या नोंदीमुळे एक राहिले आणि एक गेले.