मदत हवी आहे: ‘घटिका’ हे नाव आणि वाटीचे बोधचिन्ह

कालरेषा: आमच्या सॉफ्टवेअरला ‘घटिका’ हे नाव द्यायचे जवळजवळ ठरले आहे. बोधचिन्हात जुने घटिकापात्र, म्हणजे भोकातून पाणी भरून बुडेपर्यंतच्या काळाने वेळ मोजणारी तांब्याची वाटी, पाण्यावर तरंगताना काढले आहे, पण १६ पिक्सेलच्या आयकॉनमध्ये भोक नाहीसे होते आणि नुसता खिरीचा वाडगा उरतो. शुक्रवारी पहिली आवृत्ती प्रसिद्ध करायची आहे, कृपया लवकर सुचवा.

सांख्यिक: सॉफ्टवेअर करते काय, हे आपण लिहिलेलेच नाही. वापरणारे कोण आहेत?

कालरेषा: क्षमस्व. निरनिराळ्या संवेदकांची (सेन्सरांची) घड्याळे मागेपुढे चालतात. त्यांच्या नोंदी एका कालरेषेवर जुळवून देणे हे त्याचे काम आहे. वापरणारे संशोधक बहुतांशी अमराठी आहेत.

जुनीपोथी: मग ‘लीलावती’ ठेवा. गणिती भास्कराचार्यांची कन्या लीलावती हिच्या लग्नाच्या वेळी घटिकापात्राच्या भोकात मोती अडकला, पाणी आत शिरेना आणि लग्नाचा मुहूर्त टळला. चुकलेल्या वेळेचे याहून बोलके चित्र मिळणार नाही.

सांख्यिक: ही कथा भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात नाही, अकबराच्या दरबारातील कवी फैजीच्या १५८७ च्या फारसी अनुवादात आहे. सूर्यसिद्धान्त या प्राचीन खगोलग्रंथात मात्र हे पात्र अहोरात्रात ६० वेळा, म्हणजे दर २४ मिनिटांनी एकदा, बुडते असे स्पष्ट म्हटले आहे. नाव त्यावर उभारावे, आख्यायिकेवर नव्हे.

जुनीपोथी: लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली आख्यायिका हासुद्धा सांस्कृतिक इतिहासच आहे.

मुक्तवाट: नावाआधी सॉफ्टवेअरच्या वापराचा परवाना ठरवा, नंतर बदलताना प्रत्येक सहभागी लेखकाची संमती घ्यावी लागू शकते.

अक्षरवेल: प्रश्न आयकॉनचा आहे. वाटी उभी चिरून दाखवा: एक जाड अर्धवर्तुळ, तळाशी किमान २ पिक्सेलची फट आणि पाण्याची आडवी रेघ. छटा पूर्ण काढून टाका; ज्युपिटर नोटबुक या संगणकीय वहीच्या चिन्हात गुरूचे चंद्र नुसत्या ठिपक्यांनी दाखवले आहेत, आणि ते पुरतात. नावाबद्दल मात्र एक शंका आहे. मराठीत ‘घटका भरली’ म्हणजे शेवट जवळ आला, हे आपण विचारात घेतले आहे का?

कालरेषा: नव्हते घेतले. तरी नाव ठेवणार आहोत, कारण पात्र बुडल्यावर ते रिकामे करून पुन्हा पाण्यावर सोडत असत, आणि आमची प्रणालीही दर आवर्तनाला मोजणी शून्यापासूनच सुरू करते. चिरलेली वाटी आत्ताच काढून पाहिली. फट स्वच्छ दिसते. पाण्याची रेघ वाटीच्या आत काढावी की बाहेर?

अक्षरवेल: दोन्हीकडे काढा, पण बाहेरची उंच आणि आतली बरीच खाली ठेवा. पातळी सारखी दिसली, तर पाणी फटीतून आत चढते आहे हे कोणालाही कळणार नाही.