ओर्व्हिएतो: रोम आणि फ्लोरेन्सच्या मधला एक मुक्काम

विषय: ओर्व्हिएतोला आई-बाबांना नेता येईल का?

मंडळाच्या सर्व सभासदांस सादर नमस्कार.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझे आई-बाबा साताऱ्याहून आमच्याकडे येत आहेत. त्यांना रोम आणि फ्लोरेन्स दाखवायचे ठरले असून या दोन शहरांच्या मध्ये एक दिवस आणि एक रात्र आमच्या हाताशी राहते. ओर्व्हिएतो याच रेल्वेमार्गावर आहे. चारही बाजूंनी तुटलेल्या कड्यावर वसलेल्या या गावाचे छायाचित्र पाहिल्यापासून बाबांनी तिथे जायचेच असा आग्रह धरला आहे, कारण त्यांचे सारे बालपण अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गेले आणि डोंगरावरचे गाव दिसले की ते तिथे पाण्याची सोय काय केली असेल हे आधी विचारतात. अडचण एवढीच की ते ७३ वर्षांचे आहेत व त्यांच्या डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर ते तासभर सहज चालतात, पण पायऱ्या उतरताना त्यांना फार त्रास होतो. आई पूर्ण शाकाहारी आहे. कोणी तिथे जाऊन आले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

आपली,
मंडळाची एक सभासद


विषय: उत्तर: ओर्व्हिएतोला आई-बाबांना नेता येईल का?

ताई, नमस्कार.

मी दोन वेळा ओर्व्हिएतोला गेलो आहे. पहिल्या वेळी चार तासांत गाव उरकले आणि त्याची रुखरुख लागून राहिली, म्हणून दुसऱ्या वेळी दोन रात्री राहिलो. आपल्या बाबांना अवश्य न्यावे, आणि ती रात्र गावातच काढावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसाच्या सहलीला आलेली मंडळी संध्याकाळी परतली की गल्ल्या मोकळ्या होतात, आणि ज्येष्ठांना हातात काठी घेऊन सावकाश चालण्यासाठी ती वेळ सर्वांत चांगली.

रोमच्या तेर्मिनी स्थानकावरून प्रादेशिक गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. स्थानक कड्याच्या तळाशी आहे आणि त्याच्या समोरच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी छोटी रेल्वे, उभी असते. ती १८८८ साली सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चालत असे: वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचे, तो जड होऊन खाली सरकला की खालचा डबा वर ओढला जायचा. मधली २० वर्षे ती बंद होती. १९९० पासून विजेवर चालते. ती काही मिनिटांत पियात्सा काहेन या चौकात पोहोचवते आणि तिथून कॅथेड्रलपर्यंत लहान बस जाते. म्हणजे तळापासून कॅथेड्रलच्या दारापर्यंत बाबांना मोठी चढण चढावी लागणार नाही.

बाबांच्या पाण्याच्या प्रश्नाचे उत्तर याच चौकाला लागून आहे. १५२७ साली पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले, तेव्हा पोप सातवे क्लेमेंट निसटून ओर्व्हिएतोला आले. हा कडा जिंकणे कठीण होते, पण वेढा पडला तर वरचे पाणी पुरेल याची खात्री नव्हती. म्हणून त्यांनी कनिष्ठ आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुविशारदाला विहीर खोदण्यास सांगितले. काम १५३७ मध्ये त्यांच्यानंतरचे पोप तिसरे पॉल यांच्या कारकिर्दीत पुरे झाले. आज तिला पोत्सो दी सान पात्रित्सिओ, म्हणजे संत पॅट्रिकची विहीर, म्हणतात. विहीर ५० मीटरांहून खोल आहे आणि तिच्या भोवती दोन जिने एकमेकांभोवती वळत खाली जातात, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. एका जिन्याने रिकामी खेचरे उतरत, तळाशी लहान पुलावरून पलीकडे जात आणि दुसऱ्या जिन्याने भरलेली मडकी घेऊन वर येत. दोन्ही जिने वाटेत कोठेही मिळत नसल्याने वर जाणारे आणि खाली येणारे जनावर समोरासमोर येत नसे. पायऱ्या खेचरांसाठी बांधल्यामुळे रुंद आणि बुटक्या आहेत. प्रवेशद्वारावर लॅटिनमध्ये कोरले आहे की या जागेच्या संरक्षणासाठी निसर्गाने जे नाकारले ते माणसाच्या उद्योगाने दिले. तरीही आपल्या बाबांनी तळापर्यंत उतरू नये, असे मी आग्रहाने सांगतो. उतरणे जमले तरी तेवढेच पुन्हा चढावे लागते आणि मध्येच बाहेर पडण्याची सोय नाही. जिन्याच्या आतल्या बाजूला विहिरीत उघडणाऱ्या सुमारे ७० खिडक्या आहेत. त्यांपैकी पहिल्या एक-दोन खिडक्यांपर्यंत गेले तरी रचना पूर्ण समजते.

कॅथेड्रलसाठी संध्याकाळ राखून ठेवावी. त्याचा दर्शनी भाग पश्चिमेकडे असल्याने मावळतीचे ऊन त्यावर सरळ पडते आणि सोनेरी मोझेइक उजळते. सुमारे २०,००० वस्तीच्या गावात एवढी वास्तू का, याचे कारण १२६३ सालच्या घटनेत आहे. जवळच्या बोल्सेना येथे प्रसादाच्या भाकरीतून रक्त वाहून वेदीवरच्या वस्त्रावर पडले अशी श्रद्धा आहे. ते वस्त्र इथे आणले गेले आणि १२९० मध्ये कॅथेड्रलचा पाया घातला. बाजूच्या भिंती काळ्या बेसाल्टच्या व पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांनी बांधल्या आहेत. वास्तुविशारद लोरेन्सो मैतानी यांच्या देखरेखीखाली घडवलेली, दर्शनी भागाच्या चार स्तंभांवरची शिल्पे मात्र जवळ जाऊनच पाहावीत. डावीकडच्या पहिल्या स्तंभावर निजलेल्या आदमच्या बरगडीतून ईव्ह घडवली जात आहे, आणि उंची अशी की मान वर न करताही खालची शिल्पे दिसतात.

आत सान ब्रित्सिओच्या देवालयात लुका सिन्योरेल्ली यांनी १४९९ ते १५०४ या काळात रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. मृतांच्या पुनरुत्थानाच्या चित्रात माणसे पांढऱ्या सपाट जमिनीतून दोन्ही हातांवर जोर देऊन स्वतःला वर खेचत आहेत; काहींच्या अंगावर मांस आले आहे, काही अजून सांगाडेच आहेत. पाण्यातून बाहेर पडणारा माणूस काठावर जसा रेटा देतो तसाच तो रेटा आहे. मी त्या एका भिंतीपुढे पाऊण तास बसलो. बसायला जागा आहे, हे बाबांसाठी मुद्दाम लिहितो.

आपला,
एक जुना सभासद


विषय: उत्तर: उत्तर: ओर्व्हिएतोला आई-बाबांना नेता येईल का?

सप्रेम नमस्कार.

काकांनी सविस्तर लिहिले आहेच. मी फक्त तीन गोष्टी जोडते. प्रादेशिक गाडीचे कागदी तिकीट काढले तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा. मी तो मारला नव्हता आणि मला दंड भरावा लागला.

दुसरे, गावाखालच्या गुहा. हा कडा ज्वालामुखीच्या राखेतून झालेल्या टफ या मऊ दगडाचा आहे आणि एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधी इथे राहणाऱ्या लोकांच्या, काळापासून तो आतून कोरला गेला आहे. हजाराहून अधिक गुहा सापडल्या आहेत: विहिरी, तेलाच्या घाण्या, आणि कबुतरे पाळण्यासाठी भिंतीत कोरलेली चौकोनी खोबण्यांची रांगच रांग. मार्गदर्शकाबरोबर त्या पाहता येतात, पण काही वाटा फार अरुंद व पायऱ्यांच्या आहेत, म्हणून तेवढा वेळ बाबांना अल्बोर्नोत्स किल्ल्याच्या बागेत बसवावे. तिथून पाल्या नदीचे खोरे दिसते.

तिसरे, आईंचे जेवण. उंब्रिकेल्ली नावाच्या हाताने वळलेल्या जाड शेवया टोमॅटो-लसणीच्या रश्शात मागवाव्यात. सूप मांसाच्या रश्शात केले आहे का, हे प्रत्येक वेळी विचारावे. त्या भागातल्या पावात मीठ घालत नाहीत. माझ्या सासूबाईंना तो घशाखाली उतरेना, तेव्हा पिशवीतली शेंगदाण्याची चटणी कामी आली.

आपली,
खाद्यसमितीची सभासद


विषय: ओर्व्हिएतोहून परतल्यावर

मंडळाच्या सर्व सभासदांस नमस्कार.

आपण दोघांनी वेळ काढून लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. आम्ही रात्र गावातच काढली. आई आणि मी विहिरीच्या तळापर्यंत गेलो. तळाच्या पुलावरून वर पाहिले तेव्हा आकाश थाळीएवढे दिसत होते. बाबा दुसऱ्या खिडकीपाशी थांबले होते. आम्ही दुसऱ्या जिन्याने वर आलो, तेव्हा तेही मागे वळून दाराशी येऊन उभे होते आणि त्यांच्या डोक्यात साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटांची विहीर घोळत होती. शाहू महाराजांच्या काळातली ती विहीर त्यांनी लहानपणी अनेकदा पाहिली आहे. ते म्हणाले, "लिंबला बैल वर धावेवर चालत आणि पाणी मोटेतून त्यांच्याकडे येई. इथे खोली इतकी आहे की जनावरालाच पाण्यापर्यंत न्यावे लागले, आणि जनावर तिथे वळणार कसे म्हणून दुसरा जिना."

मग त्यांनी एका जिन्याच्या पायरीची उंची आपल्या काठीवर मोजली, अंगठ्याच्या नखाने खूण केली आणि लिंबच्या पायरीशी ती ताडून पाहायची म्हणून काठी तशीच साताऱ्याला नेली आहे.

आपली,
मंडळाची एक सभासद