मदत हवी आहे: डाळ मिलचा माल एकदा तुंबतो, एकदा संपतो

डाळमिल_लातूर
नमस्कार मंडळी. तूर डाळीची मिल आहे. गोदाम भरलेलं असतं तरी ऑर्डरच्या दिवशी गाडी दारात थांबून राहते. नाहीतर डाळ पडून राहते, पैसा अडकतो, भुंगा लागतो. साठा किती ठेवायचा याचं काही गणित असतं का? दसऱ्याच्या आत बसवायचं आहे, लवकर सांगा.

नांदेडकर
भाऊ, रोज किती डाळ जाते? तूर रोजच्या सौद्यातून घेता की एकदम भरून ठेवता? घेतल्यापासून डाळ तयार व्हायला किती दिवस? आणि ऑर्डरच्या दिवशी नेमकं काय कमी पडतं? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

डाळमिल_लातूर
रोज सरासरी ४ टन डाळ, जोर असला की ६. उतारा ७२ टक्के, म्हणजे १०० किलो तुरीला ७२ किलो डाळ. तूर आडतीवरून, सौद्यातच. घेतल्यापासून भरणीपर्यंत, म्हणजे डाळ कट्ट्यात जाईपर्यंत, ७ दिवस, कधीकधी ११. आता सांगा.

अंबाजोगाई_ट्रेडर
सोपं आहे. जास्तीत जास्त खप गुणिले जास्तीत जास्त दिवस: ६ × ११ = ६६ टन. सरासरी ४ × ७ = २८ टन. फरक ३८ टन, तो तुमचा राखीव साठा. तयार डाळ आणि मिलमध्ये फिरत असलेला माल मिळून ६६ टनांवर आला की नवी खरेदी करायची. तुरीत मोजायचं तर ०.७२ ने भागा, ९२ टनांच्या आसपास येतं. वहीत लिहून ठेवलं तरी चालतं, सॉफ्टवेअर लागत नाही.

जालना_लॉजिस्टिक्स
३८ टन राखीव म्हणजे ३० किलोचे साडेबाराशेच्या वर कट्टे नुसते पडून. खपाचा जोर आणि ११ दिवसांची दिरंगाई एकाच वेळी क्वचित येते. चढउतार मोजून काढा. रोजचा खप साधारण १ टनाने वरखाली होतो आणि दिवस दीड दिवसाने, असं धरलं तर: दिवस गुणिले खपाच्या वरखालीचा वर्ग, ७ × १ × १ = ७, आणि खपाचा वर्ग गुणिले दिवसांच्या वरखालीचा वर्ग, ४ × ४ × १.५ × १.५ = ३६. बेरीज ४३, वर्गमूळ ६.५६. १०० पैकी ९५ खेपांना माल पुरावा म्हणून १.६५ ने गुणा. राखीव ११ टन, खरेदीची पातळी २८ + ११ = ३९ टन.
आता त्या ४३ कडे नीट बघा. त्यातले ३६ एकट्या दिवसांच्या अनिश्चिततेचे आहेत, खपाचे फक्त ७. दिवसांची वरखाली दीडवरून अर्ध्यावर आणली तर राखीव साठा साडेपाच टनांवर येतो. साठा वाढवण्याआधी ११ दिवस का लागतात ते शोधा.

अंबाजोगाई_ट्रेडर
आणि उरलेल्या ५ खेपांना काय करायचं? दोनदा गाडी थांबली की दुकानदार अकोल्याची डाळ लावतो, परत येत नाही. गेलेलं गिऱ्हाईक तुमच्या वर्गमुळात कुठं आहे?

जालना_लॉजिस्टिक्स
मग ९५ च्या जागी ९९ धरा. १.६५ ऐवजी २.३३ घ्या, १५ टन येतात. तरी ३८ च्या निम्मेसुद्धा नाहीत.

औसा_शेती
तुरीत अडकू नका. सोयाबीन वखारीत ठेवा, इलेक्ट्रॉनिक पावती काढा, तिच्यावर बँकेचं कर्ज घ्या. भाव आला की विका.

नांदेडकर
दादा, धागा मिलचा आहे. सोयाबीनचा वेगळा काढा, तिथं येतो.

उदगीर_मिल
११ दिवस लागतात ते वाळवणीमुळे. तूर चाळली, रोलवर ओरखडे दिले, तेल लावून ढीग लावला इथपर्यंत बारमाही सारखंच. पुढं उन्हात वाळवायची, पाणी मारून परत ढीग, परत वाळवायची. पावसाळ्यात ऊन नसलं की काम तिथंच थांबतं. ओली तूर रेटून सोलायला घेतली तर टरफल सुटत नाही, चुरा वाढतो आणि ७२ चा उतारा खाली येतो. जुलै ते सप्टेंबर ड्रायर नसेल तर ७ दिवस धरूच नका.
दुसरं, तुरीचा साठा आणि डाळीचा साठा एका गणितात कोंबू नका. वरची सूत्रं डाळीची. नवी तूर मुख्यतः जानेवारी ते मार्च येते, ती हंगामाची खरेदी. ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तरच थप्पी लावा, खाली लाकडी पॅलेट, भिंतीपासून अंतर. किडीसाठी औषधाची धुरी परवानाधारकाकडूनच, आणि तेवढे दिवस तो माल हलत नाही हे धरून चाला. वर्षाची तूर भरायची असेल तर स्टॉक लिमिट, म्हणजे सरकार ठरवतं ती साठ्याची मर्यादा, डोक्यात ठेवा. जून २०२३ मध्ये केंद्राने तूर-उडदावर लिमिट लावलं तेव्हा मिलला आधीच्या तीन महिन्यांचं उत्पादन किंवा वार्षिक क्षमतेच्या २५ टक्के, यातलं जे जास्त तेवढं ठेवता येत होतं. सप्टेंबरात तेच एक महिना किंवा १० टक्क्यांवर आणलं.

नांदेडकर
माझा प्रश्न राहिलाच. गोदाम भरलेलं असून गाडी थांबते म्हणता. त्या दिवशी नेमकं काय नसतं?

डाळमिल_लातूर
तूर असते, डाळ पण असते. छापील कट्टे संपलेले असतात. फटका आणि सवा नंबर या डाळीच्या दोन प्रती; फटक्याचा कट्टा वेगळा, सवा नंबरचा वेगळा, ५ किलोची पिशवी वेगळी. छपाईवाला २० दिवस म्हणतो, ३० लावतो. पण ते बारदान झालं, मी मालाचं विचारायलोय.

उदगीर_मिल
भरता येत नाही तो माल विकता येत नाही. कट्टापण मालच धरा. फटक्याचे रोज किती लागतात?

डाळमिल_लातूर
३० किलोचे ८०, जोर असला की १२०.

अंबाजोगाई_ट्रेडर
१२० कट्टे × छपाईचे ३० दिवस = ३,६०० कट्टे. एवढे शिल्लक राहिले की त्याच दिवशी पुढची ऑर्डर द्यायची. इथं तरी माझं सूत्र चालू द्या.

जालना_लॉजिस्टिक्स
इथं तुमचंच बरोबर. कट्ट्याला भुंगा लागत नाही आणि डाळीच्या मानानं त्यात पैसा फारच कमी अडकतो. स्वस्त वस्तू सढळ हातानं ठेवा, महाग वस्तू मोजून. शिवाय फटका आणि सवा नंबरला एकच छपाई करा, प्रतीची जागा कोरी सोडा आणि भरणीच्या वेळी शिक्का मारा. एकाचा खप पडला तर तोच कट्टा दुसऱ्याला लागतो. भरणीचा महिना-वर्षही तेव्हाच मारायचं, आधी छापून घेतलं की उरलेले कट्टे वाया.

परभणी_कर
५ किलोला जीएसटी विसरू नका. २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पॅकवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के आहे, ३० किलोच्या कट्ट्यावर नाही. बिलं वेगळी ठेवा.

डाळमिल_लातूर
५ किलोच्या पिशवीला पण सामाईक छपाई चालेल का? छपाईवाला कमीत कमी ५,००० नग मागतो.

जालना_लॉजिस्टिक्स
पिशवी ग्राहकाच्या हातात जाते, तिथं शिक्का पुसट दिसतो. कोऱ्या चौकटीवर स्टिकर लावा. ५,००० नग किती दिवस पुरतात ते आधी काढा. ३० दिवसांच्या आत संपत असतील तर दर ऑर्डर १०,००० ची द्या आणि माल दोन हप्त्यांत मागवा. कट्ट्यांची मोजणी दर सोमवारी, भरणीवर उभ्या असलेल्या माणसाकडूनच. दिवाणजीच्या वहीत फाटके आणि चुकीच्या छपाईचे कट्टे वजा झालेले नसतात.