मदत हवी आहे : फ्लॅटमध्ये ब्लाऊज शिवणकाम, सोसायटीची नोटीस

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात दुसऱ्या मजल्यावर राहतो. बायको घरीच ब्लाऊज शिवते. एक साधं मशीन, एक मोटरवालं, शिवाय फॉल-पिकोचं. आता सोसायटीची नोटीस आलीय : 'सदनिकेचा व्यावसायिक वापर तात्काळ बंद करावा.' खालच्या क्लासवाल्या सरांना मात्र नोटीस नाही, असो.

राज्याच्या यूडीसीपीआर नियमावलीत (बांधकाम आणि जागेच्या वापराचे नियम, 2020, मुंबई सोडून) निवासी झोनमध्ये घरच्यांनीच करायच्या पारंपरिक घरगुती व्यवसायाला मुभा आहे आणि त्यात शिवणकाम, भरतकाम नावानिशी आहे. अट अशी की पगारी माणूस नको आणि मोटर लावली तर एकूण वीजभार 0.75 किलोवॅट, म्हणजे एक हॉर्सपॉवरच्या आत.

माझं घोडं इथेच अडलंय. सणासुदीला हुक-काजं करायला शेजारच्या काकू येतात, नगावर पैसे घेतात. त्या 'पगारी' धरल्या जातील का? आणि वीजभारात फक्त मोटरी मोजतात की इस्त्रीसुद्धा? एकटी इस्त्रीच हजार वॅटची आहे!

उद्यम नोंदणी (छोट्या धंद्यांची सरकारी नोंद) झालीय, शॉप ॲक्टची इंटिमेशनही (धंदा सुरू असल्याची सरकारला सूचना) दिलीय. पण सेक्रेटरी म्हणतात, 'ते कागद सरकारला दाखवा, इथे उपविधी (सोसायटीचे स्वतःचे नियम) चालतात.' सोसायटी असं परस्पर बंद करू शकते? कोणी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे गेलंय का? नोटिशीला लेखी उत्तर द्यायचंय, कोणाकडे मसुदा असेल तर कृपया पाठवा. वकील सध्या नको, शेजारी आहेत शेवटी.