अमेरिकेतल्या कॅन्टनची अमेरिकन फुटबॉलची मॅच अर्धवट राहिली (ऑगस्ट २०२४)

दादा: रद्द केली 😞 विजा चमकायला लागल्या तसं सगळ्यांना सीटवरून उठवलं, आम्ही आत जिन्याखाली उभे, लेकाचा, बेअर्सच्या जुन्या स्टार खेळाडू हेस्टरचा २३ नंबरचा जर्सी चिंब भिजलाय. चार क्वार्टरपैकी तिसऱ्या क्वार्टरची ३ मिनिटं ३१ सेकंद बाकी होती. आपले शिकागो बेअर्स २१, ह्यूस्टन टेक्सन्स १७, हाच निकाल धरला

काका: शुभ सकाळ. जिंकलात ना मग. अभिनंदन 🙏

दादा: जिंकलो हो काका पण हळहळ वाटतेय

आत्या: पण ही सरावाचीच ना रे? एवढं जिवाला लावून घ्यायचं कशाला. आधी त्या पोराला कोरडं कर

दादा: केलं आत्या, माझं जॅकेट घातलंय त्याला. पण सरावाची म्हणून सोडून नका देऊ. आत्ता टीममध्ये ९० जण आहेत आणि महिना संपेपर्यंत ५३ ठेवायचे, बाकीच्यांना घरी जा सांगतात, थोडे प्रॅक्टिस स्क्वाडला, म्हणजे सरावापुरत्या राखीव गटात, राहतात तेवढेच. आपला मुख्य क्वार्टरबॅक (पास टाकणारा) केलेब विल्यम्स आज खेळलाच नाही, टेक्सन्सचा क्वार्टरबॅक स्ट्राउड पण नाही, त्यांच्या जागा पक्क्या आहेत. आज खेळले ते सगळे कोपऱ्यातले, ज्यांना हे तीन-चार सामने सोडून दाखवायला दुसरी जागाच नाही, आणि त्यातल्या शेवटच्या नंबरच्या पोरांची पाळी चौथ्या क्वार्टरला येते. तोच क्वार्टर पावसात गेला. हेल्मेट घालून बाजूला उभी होती ती, तशीच आत गेली

काका: हे रणजीच्या निवडीसारखंच झालं. एक डाव मिळायचा आणि त्याच दिवशी पाऊस.

दादा: अगदी तेच काका. आपल्या रिपियनला संधी मिळाली तर त्याने तीन टचडाऊन (फुटबॉलच्या गोलसारखे) पास टाकले बघा, तिसऱ्या-चौथ्या नंबरचा क्वार्टरबॅक! आमच्या मागचा म्हातारा प्रत्येक पासला उभा राहून टाळ्या वाजवत होता

छोटी: दादा मी पहाटेपासून बघतेय, किक मारल्यावर सगळे पुतळ्यासारखे उभे का राहत होते?

दादा: वा, तू बघितलीस! तो नवीन नियम, NFL च्या (इथली मुख्य लीग) मॅचमध्ये आजच पहिल्यांदा आला. किक मारणारा एकटाच मागे ३५ यार्डावर, त्याचे बाकीचे दहा जण थेट समोरच्यांच्या ४० यार्डावर, आणि बॉल जमिनीला लागेपर्यंत किंवा कोणी पकडेपर्यंत त्यांनी हलायचं नाही. आधी लांबून सुसाट पळत येऊन धडकायचे, डोक्याला मार बसायचा. म्हणून मग किक पार मागे टाकून बॉल न पळवताच सोडून द्यायला लागले, फेब्रुवारीतल्या सुपर बोलमध्ये (लीगची फायनल) तर एकही किकऑफ, म्हणजे खेळ सुरू करायची किक, कोणी परत पळवला नाही. मला आवडला नियम. २००७ च्या सुपर बोलला पहिल्याच किकवर हेस्टर ९२ यार्ड पळाला होता, मी शिकागोत नवा होतो, रूमवर आठ जण आणि एक हीटर, सगळे किंचाळलो होतो. ती मॅच हरलो आपण, पण त्या पळण्यामुळे मी बेअर्सचा झालो. परवा त्यालाच इथे हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत) घेतायत, त्यासाठीच तर एवढं ड्राइव्ह करून आलोय

छोटी: आणि तो स्ट्रेचरवरून नेला तो? मी टीव्हीच बंद केला तेव्हा

दादा: कोलमन, आपलाच. सगळं स्टेडियम गप्प झालं गं, दोन्ही टीमची पोरं गुडघ्यावर बसली होती, लेकाने माझा हात घट्ट धरला. हातपाय हलवतोय म्हणून सांगितलंय. हा पण त्या ९० मधलाच, जागेसाठी झगडणारा

आत्या: देवा, बरं वाटू दे त्याला 🙏 त्याच्या आईचं काय झालं असेल

काका: पुढची कधी?

दादा: १० तारखेला बफेलोत, तुमच्याकडे रात्री साडेदहा

काका: जागतो. लिंक टाकून ठेव.