मदत हवी आहे : बसच्या पॉलिसीत चेसिस नंबर चुकलाय, पासिंग अडलंय

नमस्कार मंडळी. नवी बस आरटीओत पासिंगला (नोंदणीच्या तपासणीला) नेली आणि विम्याच्या कागदावर गाडं अडलं. चेसिस नंबर 17 अक्षरांचा. पॉलिसीत त्यातल्या शून्याच्या जागी 'ओ' छापलाय. खरं तर या नंबरात आय, ओ, क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, पण खिडकीपलीकडच्या साहेबांना कोण सांगणार! शिवाय बॉडी बांधताना दोन सीट वाढल्या, पॉलिसीत आकडा जुनाच. सीट वाढल्या म्हणजे थर्ड पार्टीच्या प्रीमियमचा फरक भरावा लागेल, त्याला ना नाही. दोन्ही दुरुस्त्या एकाच एंडॉर्समेंटमध्ये (चालू पॉलिसीला जोडलेल्या दुरुस्तीपत्रात) होतात, की पॉलिसी रद्द करून नवी काढायची? ट्रकवाल्यांपैकी कुणाचं वजनाच्या आकड्यावरून असं अडलं होतं का? गाडी दारात उभी आहे, कर्जाचे हप्ते मात्र चालू.