व्हीगन कॅम्पिंग फेस्टिवल: पैसे मोजून तीन दिवस तंबूत राहावं असं काय आहे त्यात?

ओटचा_चहा (लेस्टर)
मंडळी, गेल्या ऑगस्टमध्ये इथे इंग्लंडात एका व्हीगन कॅम्पिंग फेस्टिवलला जाऊन आले. शुक्रवार ते रविवार, मोठं मैदान, हजारो तंबू, दिवसभर भाषणं, रात्री गाणी, आणि आत मिळेल ते सगळं व्हीगन, म्हणजे मांस मासे अंडी तर सोडाच पण दूध दही तूप मधसुद्धा नाही. मी चार वर्षं व्हीगन आहे, नवरा अस्सल कोल्हापूरचा, तो म्हणे फक्त ड्रायव्हर म्हणून आला होता.
माझं मत, एकदा तरी जावंच. खाण्यासाठी नाही हं, बर्गर सगळे एकाच चवीचे आणि 12 पौंडाला एक. जायचं ते यासाठी की तीन दिवसांत मला "यात तूप आहे का हो" असं एकदाही विचारावं लागलं नाही. पुण्यात गेले की काकू वरणभातावर तुपाची धार धरायला वाकतात, मी ताट मागे ओढते आणि त्यांचा चेहरा उतरतो, "अगं घरी कढवलेलं आहे". मटण सोडलेलं आपल्याकडे लगेच कळतं लोकांना, तूप सोडलं म्हणजे एकतर आजारी नाहीतर आगाऊ.

कट्ट्यावरचा_काका
म्हणजे जे आधीच माळकरी आहेत त्यांनाच माळ घालायला सांगायला एवढा खर्च? स्टेजवरचा व्हीगन, खालचे व्हीगन, मग भाषण कोणासाठी? आणि तंबू पॉलिस्टरचा, स्लीपिंग बॅग प्लॅस्टिकची, शंभर मैल गाडी हाणत जायचं आणि म्हणे पृथ्वी वाचवतोय. आमची वारी बघा, अडीचशे किलोमीटर पायी, तिकीट नाही, जेवण गावोगावचे लोक घालतात, मांसाचा प्रश्नच नाही.

ओटचा_चहा
काका, वारीत पहाटेचा चहा कसला असतो? दुधाचाच ना. वारीबद्दल आदर आहेच, पण तिथेही मी ताट मागे ओढणारीच. तंबूचं मात्र मान्य. पिसांची स्लीपिंग बॅग चालत नाही म्हणून प्लॅस्टिकची घ्यायची, याला माझ्याकडे उत्तर नाही.

गोठेवाला_सांगली
ताई राग मानू नका, पण तुमच्यासारख्यांचं वाचलं की डोकं फिरतं. माझ्याकडं चार म्हशी, दोन गाई. उसाचं बिल वर्षातनं एकदा, तेपण कारखान्याच्या मर्जीनं. दुधाचं बिल दर दहा दिवसाला हातात, पोरांची फी, किराणा, दवाखाना सगळं त्यातनंच. 2018 ला आम्ही लिटरमागं 5 रुपये अनुदान मागत रस्त्यावर दूध ओतलं तेव्हा शहरातले म्हणाले केवढी ही नासाडी. आता तुम्ही म्हणता दूधच पिऊ नका. मग आम्ही काय करायचं ते एकदा सांगा, तंबू भाड्यानं द्यायचे?

हिशोबी_बाई
दादा तुमची अडचण खरी आहे पण आकडेपण बघा. 2018 मध्येच सायन्स या विज्ञान साप्ताहिकात मोठा अभ्यास आला, 119 देशांतल्या सुमारे 38 हजार शेतांची माहिती घेतलेला. जगाने प्राण्यांपासूनचं अन्न पूर्ण सोडलं तर शेतीला लागणारी जमीन 76 टक्क्यांनी कमी होईल असा त्यांचा हिशोब. मी स्वतः दही सोडलेलं नाही, पण हा आकडा झोप उडवतो.

गोठेवाला_सांगली
तो हिशोब जगाचा हो. माझी म्हैस खाती काय? कडबा, उसाचं वाडं, बांधावरचं गवत, वरनं सरकी पेंड. वाडं तुम्ही खाणार का?

ओटचा_चहा
नाही खाणार, हा मुद्दा तुमचा. पण एक विचारते, खरं सांगा. रेडकू नर निघालं तर त्याचं काय करता?

गोठेवाला_सांगली
विचारलंत म्हणून सांगतो. गाईचा खोंड 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर कोणी घेत नाही, ट्रॅक्टर आल्यापासनं शेतात काम नाही, मग सांभाळा नाहीतर रात्री कोणीतरी लांब सोडून येतं. रेड्याला ती बंदी नाही. तो जातो. कुठं जातो ते मलाबी माहीत आहे आणि तुमालाबी. माझी आई मात्र रेडकू गेल्यावर दोन दिवस गोठ्यात जात नाही.

कट्ट्यावरचा_काका
हे बघा, आता रडवू नका. मूळ मुद्दा फेस्टिवलचा आहे.

डिकीतले_लाडू
मीच तो ड्रायव्हर. कोणी विचारलं नाही तरी सांगतो. पहिल्या रात्री पाऊस, तंबूचा एक खुंटा उपटला, आम्ही दोघं ओल्या गवतावर बसून गॅसच्या छोट्या शेगडीवर चहा करतोय. ओटचं ते दूध, डब्यावर दूध लिहायला इथल्या कायद्याने बंदी म्हणून "ओट ड्रिंक" लिहितात, उकळलं की भाताच्या पेजेसारखं दाट होतं, साय धरत नाही. प्यायलो. मग ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, पार्किंगमध्ये गाडीत बसून आईच्या हातचे बेसनाचे लाडू खाल्ले, साजूक तुपातले.
फेस्टिवलबद्दल म्हणाल तर भाषणं मला जड गेली. कत्तलखान्याचे व्हिडिओ सकाळी दहा वाजता बघायची माझी तयारी नव्हती आणि दाखवणाऱ्याचा आवाज असा की मीच सुरी धरलीय. पण बायको तीन दिवस ज्या मोकळेपणाने प्लेट घेऊन फिरत होती तशी ती आमच्या घरच्या एका लग्नात फिरलेली मी बघितली नाही. म्हणून पुढच्या वर्षीपण ड्रायव्हर.

ओटचा_चहा
लाडवांचा डबा मीच भरला होता, उगाच शौर्य सांगू नकोस.

कट्ट्यावरचा_काका
ताक, साजूक तूप... व्हीगन लोकांनी मराठी तरी कसं बोलायचं म्हणतो मी. दुधाची तहान कशावर भागवणार?

गोठेवाला_सांगली
ते ओट ओट काय लावलंय मघापासनं, ते आपलं रब्बीत चाऱ्याला करतो तेच का? केंट म्हणून जात आहे, माझ्याकडं दहा गुंठे आहे, म्हशी आवडीनं खातात. दाणे धरायला ठेवलं तर कोणी घेतं का पुण्यात, काय भाव देतात, हे माहीत असलं तर सांगा.